संमिश्र वापराच्या आणि सामुदायिक वास्तू : नवोदित वास्तुविशारदांच्या तीन रचनांची चिकित्सा

प्रस्तावना

वास्तुकलेच्या समीक्षेत नवोदित वास्तुविशारदाच्या पहिल्या कामाकडे बहुधा दोन दृष्टींनी पाहिले जाते. पुढे नामवंत झालेल्या कलावंताच्या शैलीची बीजे त्या कामात शोधणे ही एक दृष्टी आणि अल्प खर्चात उभ्या राहिलेल्या वास्तूचे कौतुक करणे ही दुसरी. दोन्हींत ती वास्तू ज्यांच्यासाठी बांधली गेली ते लोक आणि त्यांचा तेथील वावर दुय्यम ठरतो. सामुदायिक वास्तूच्या बाबतीत ही उणीव अधिक जाणवते. कारण अशा वास्तूचे यशापयश तिच्या दर्शनी रूपापेक्षा तिच्या वापरावरच ठरत असते.

एकाच छपराखाली एकाहून अधिक कामे आणि एकाहून अधिक समाजगट सामावून घेणारी वास्तू कशी आखावी, हा प्रश्न आज महत्त्वाचा झाला आहे. शहरांत ‘संमिश्र वापर’ हा शब्द बांधकाम व्यवसायाच्या जाहिरातींत रुळला आहे, तर खेड्यांत ‘समाजमंदिर’ हा शासकीय निधीतून होणाऱ्या कामाचा नेहमीचा प्रकार बनला आहे. दोन्ही ठिकाणी वापरांची यादी तयार असते. त्या यादीतून समाजजीवन निर्माण होते किंवा नाही, याचा विचार मात्र क्वचितच होतो.

प्रस्तुत लेखात चार्ल्स कोरिया यांचे साबरमती येथील गांधी स्मारक संग्रहालय (१९६३), दिएबेदो फ्रान्सिस केरे यांची बुर्किना फासोतील गांडो येथील प्राथमिक शाळा (२००१) आणि अ‍ॅना हेरिंगर यांची बांगलादेशातील रुद्रपूर येथील शाळा (२००५) या तीन वास्तूंची चिकित्सा केली आहे. तिन्ही कामे संबंधित वास्तुविशारदांच्या उमेदवारीच्या काळातील आहेत. रुद्रपूरच्या शाळेबरोबरच हेरिंगर यांच्या तेथीलच ‘आनंदालय’ या उत्तरकालीन संमिश्र वापराच्या इमारतीचाही विचार केला आहे.

संकल्पना आणि परंपरा

संमिश्र वापर ही कल्पना मराठी समाजाला नवी नाही. पुण्या-नाशिकच्या पेठांतील वाड्यांत रस्त्याकडेच्या दर्शनी भागात दुकान, आत चौक आणि चौकाभोवती सोपे व खोल्या अशी मांडणी असे. मुंबईच्या गिरणगावात चाळीच्या तळमजल्यावर किराणा दुकान, खानावळ, पिठाची गिरणी आणि वर बिऱ्हाडे असत. गावातील देवळाचा सभामंडप तर एकाच दिवशी अनेक कामांना येई. सकाळी पूजाअर्चा, दुपारी वाटसरूंची विश्रांती, रात्री कीर्तन आणि प्रसंगी गावची बैठक. अनेक गावांत शाळेचा आरंभही देवळातच झाला.

तथापि या परंपरेचे स्मरणरंजन करून भागणार नाही. सभामंडप सर्वांचा म्हटला जाई, पण सर्वांना तेथे प्रवेश नव्हता. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह १९२७ साली करावा लागला आणि पंढरपूरच्या मंदिरप्रवेशासाठी साने गुरुजींना १९४७ साली उपोषण करावे लागले. सार्वजनिक जागा कोणाची, हा प्रश्न या दोन घटनांच्या मुळाशी होता. म्हणूनच सामुदायिक वास्तूची चिकित्सा करताना ‘समुदाय’ या शब्दाने नेमके कोण अभिप्रेत आहे, कोणत्या दाराने कोणाला आत येता येते आणि कोणाला उंबरठ्यावरच थांबावे लागते, हे पाहणे अपरिहार्य ठरते.

विसाव्या शतकातील नगरनियोजनाने वापरांची फारकत केली. आधुनिक वास्तुविशारदांच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत १९३३ साली झालेल्या चर्चेतून ‘अथेन्स सनद’ आकाराला आली आणि ल कॉर्बुझिए यांनी ती १९४३ मध्ये प्रसिद्ध केली. निवास, काम, करमणूक आणि वाहतूक अशी शहराच्या कार्यांची चार भागांत विभागणी तिने मांडली. जेन जेकब्ज यांनी १९६१ साली या विचारावर कठोर टीका केली आणि वेगवेगळ्या वेळी वेगवेगळ्या कारणांनी माणसे जेथे येत राहतात तो रस्ताच जिवंत राहतो, असे प्रतिपादन केले. पुढे ‘संमिश्र वापर’ ही संज्ञा नियोजनात प्रतिष्ठित झाली. परंतु तिचा अर्थ बहुतेक वेळा एका वापरावर दुसरा वापर रचणे, एवढाच उरला. खाली दुकाने, त्यावर वाहनतळ, त्यावर कार्यालये आणि सर्वांत वर घरे, आणि प्रत्येकाचे प्रवेशद्वार व उद्वाहक वेगळे. अशा इमारतीत वापर एकत्र येतात, माणसे येत नाहीत.

साबरमती : भिंतींशिवायचे चौरस

चार्ल्स कोरिया (१९३०–२०१५) यांनी १९५८ साली मुंबईत स्वतंत्र व्यवसाय सुरू केला आणि त्याच सुमारास, वयाच्या अठ्ठाविशीत, साबरमती आश्रमातील संग्रहालयाचे काम त्यांच्याकडे आले. गांधीजींची पत्रे, ग्रंथ व छायाचित्रे जतन करणे, अभ्यासकांना ती उपलब्ध करून देणे आणि सर्वसामान्य दर्शनार्थींना सामावून घेणे असे तिहेरी काम या वास्तूने करावयाचे होते. १९६३ मध्ये पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते तिचे उद्घाटन झाले.

कोरिया यांनी या कामासाठी भव्य इमारत न योजता ६ मीटर × ६ मीटर मापाचा एक चौरस घटक निश्चित केला आणि त्याची पुनरावृत्ती केली. विटांचे खांब, त्यांवर काँक्रीटच्या तुळया आणि वर कौलारू उतरते छप्पर अशी प्रत्येक घटकाची रचना आहे. तुळया पन्हळीच्या आकाराच्या असल्याने पावसाचे पाणीही त्याच वाहून नेतात. खाली दगडी फरशी आहे. खिडक्यांना काचा नाहीत; हलत्या लाकडी झडपांतून उजेड आणि वारा आत येतो. आश्रमातील ‘हृदयकुंज’ या गांधीजींच्या निवासाच्या साधेपणाशी या साहित्याचे सहज नाते जुळते.

समीक्षेच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची बाब अशी की, या जाळीतील सर्व चौरस बंदिस्त नाहीत. ज्या वस्तूंना संरक्षण हवे त्यांच्यापुरत्याच खोल्या भिंतींनी बांधल्या आहेत. उरलेले चौरस छप्पर असलेले पण उघडे आहेत, आणि काही चौरस छपरावाचून, आकाशाला मोकळे आहेत. मध्यभागी पाण्याचा हौद आहे. दर्शनार्थीला एका ठरावीक मार्गाने दालनामागून दालन पाहावे लागत नाही. तो रेंगाळू शकतो, बसू शकतो, हौदाच्या कडेने वळून पुन्हा पहिल्या जागी येऊ शकतो. शाळेची सहल आणि एकटा अभ्यासक एकमेकांना अडथळा न करता तेथे वावरू शकतात. ओसरीचा हा गुण एका संस्थेच्या प्रमाणात आणला गेला आहे.

या रचनेचा दुसरा गुण तिच्या अपूर्णतेत आहे. चौरसाची पुनरावृत्ती कोठेही थांबवता येते व कोठूनही पुढे नेता येते. संग्रह वाढला तर वास्तू वाढू शकेल, ही सोय आराखड्यातच आहे. नवोदित वास्तुविशारदाला आपले पहिले काम ‘पूर्ण’ आणि आपल्या नावाचे दिसावे असा मोह पडणे स्वाभाविक असते. तो मोह येथे टाळला गेला आहे. मात्र या वास्तूची एक मर्यादाही नोंदवली पाहिजे. येथे येणारा समुदाय हा बहुतांशी पाहुण्यांचा समुदाय आहे. रोजच्या गरजांसाठी, हक्काने येणाऱ्या रहिवाशांची कसोटी या रचनेला द्यावी लागलेली नाही.

गांडो : दोन वर्गांमधील सावली

ती कसोटी गांडोच्या शाळेला द्यावी लागली. केरे यांचा जन्म १९६५ मध्ये गांडो येथे झाला. गावात शाळा नसल्याने त्यांना लहानपणीच घर सोडून शिक्षणासाठी दुसऱ्या गावी जावे लागले. सुतारकामाच्या प्रशिक्षणासाठी मिळालेल्या शिष्यवृत्तीवर ते जर्मनीत गेले आणि पुढे बर्लिनच्या तांत्रिक विद्यापीठात वास्तुशास्त्र शिकले. शिक्षण चालू असतानाच १९९८ मध्ये त्यांनी निधी उभारण्यासाठी संस्था स्थापन केली आणि २००१ मध्ये शाळा बांधून पूर्ण झाली. म्हणजे ही वास्तू पदविकेपूर्वीची आहे. पदविका त्यांना २००४ मध्ये मिळाली आणि त्याच वर्षी या शाळेला आगाखान वास्तुकला पुरस्कारही मिळाला. २०२२ मध्ये प्रिट्झकर पारितोषिक मिळवणारे ते पहिले आफ्रिकी वास्तुविशारद ठरले.

गावकऱ्यांना प्रारंभी मातीची शाळा नको होती, हे येथे लक्षात घेतले पाहिजे. मातीचे घर पावसात झिजते, दरवर्षी डागडुजी मागते, आणि ‘पक्के’ म्हणजे काँक्रीट ही समजूत तेथेही होती. ही तक्रार अज्ञानातून आलेली नव्हती, अनुभवातून आलेली होती. केरे यांनी ती खोडून काढली नाही, तिचे तांत्रिक उत्तर शोधले. मातीत थोडे सिमेंट मिसळून दाबून तयार केलेल्या विटा वापरल्या. भिंतींवर विटांचेच छत घातले आणि त्याच्या वर, मध्ये मोकळी जागा ठेवून, पत्र्याचे रुंद छप्पर उचलून धरले. पत्रा थेट खोलीवर असता तर वर्ग भट्टीसारखा तापला असता. मधल्या पोकळीतून वारा खेळल्याने उष्णता बाहेर पडते, आणि पुढे आलेल्या छपरामुळे भिंतींवर पाऊस बसत नाही. मोठे लोखंडी भाग आणणे व यारीने चढवणे अशक्य असल्याने साध्या सळया कापून आणि जोडून हलक्या कैच्या करण्यात आल्या. ते काम गावातील माणसेच शिकली. मुलांनी पायासाठी दगड गोळा केले, स्त्रियांनी पाणी आणले.

या शाळेत तीन वर्ग एका ओळीत आहेत. पण ते एकमेकांना चिकटलेले नाहीत. प्रत्येक दोन वर्गांच्या मध्ये छपराखालची मोकळी जागा सोडली आहे. ती शिकवण्यासाठीही वापरता येते आणि खेळण्यासाठीही. खर्चाच्या हिशोबाने पाहिले तर भिंतींविना मिळालेली ही जागा सर्वांत स्वस्त आहे. उपयोगाच्या हिशोबाने कदाचित सर्वांत मोलाची. शाळेची वेळ संपली तरी सावली शिल्लक राहते, आणि उष्ण प्रदेशात सावली हीच पहिली सार्वजनिक सोय असते. शिक्षकांची निवासस्थाने (२००४) आणि शाळेचा विस्तार (२००८) नंतर झाला. सुरुवातीच्या एका इमारतीतून वस्तीचे केंद्र हळूहळू घडत गेले. संमिश्र वापर येथे पहिल्याच आराखड्यात कोंबलेला नाही, तो कालांतराने गरजेनुसार जमत गेला आहे.

रुद्रपूर आणि आनंदालय : उतार हाच रस्ता

बांगलादेशच्या उत्तरेकडील दिनाजपूर जिल्ह्यातील रुद्रपूर येथे ‘दीपशिखा’ ही स्वयंसेवी संस्था ग्रामविकासाचे काम करते. हेरिंगर १९९७ मध्ये स्वयंसेविका म्हणून तेथे गेल्या. वास्तुविशारद म्हणून जाण्यापूर्वीचा हा परिचय पुढील कामात निर्णायक ठरला. ऑस्ट्रियातील लिन्झ येथील कला विद्यापीठात त्यांनी २००४ मध्ये सादर केलेला पदवी-प्रकल्प म्हणजेच ही शाळा होय. आइके रोस्वाग यांच्या तांत्रिक साहाय्याने २००५ च्या अखेरीस ती प्रत्यक्षात आली आणि २००७ मध्ये तिला आगाखान पुरस्कार मिळाला.

शाळेचा तळमजला जाड मातीच्या भिंतींचा आणि वरचा मजला बांबूचा आहे. त्या परिसरात मातीची घरे परंपरेने बांधली जातातच. परंतु पाया व ओल-प्रतिबंधक थर नसल्याने ती लवकर खचतात. हेरिंगर यांनी विटांचा पाया, ओल वर चढू न देणारा थर आणि मातीत गवताचा पेंढा एवढेच बदल केले. हे बदल गावातील गवंड्याला स्वतःच्या घरातही करता येण्याजोगे आहेत, हे त्यांचे खरे महत्त्व. तळमजल्यावरील वर्गांच्या मागच्या बाजूस मातीच्या भिंतीत गुहेसारख्या गोलाकार जागा घडवल्या आहेत. मुले त्यांत शिरून एकटी बसू शकतात किंवा दोघे-तिघे जमून वाचू शकतात.

याच गावात २०२० च्या सुमारास पूर्ण झालेले ‘आनंदालय’ ही विवेचनाच्या दृष्टीने महत्त्वाची वास्तू आहे. दिव्यांग व्यक्तींसाठी उपचार केंद्र एवढीच मूळ कल्पना होती. पुढे तीत गावातील स्त्रियांसाठी ‘दीपदी टेक्स्टाइल्स’ या वस्त्रकामाच्या कार्यशाळेची भर पडली. तळमजल्यावर उपचार आणि वरच्या मजल्यावर शिवणकाम व भरतकाम. रोजगारासाठी शहरातील तयार कपड्यांच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या स्त्रियांना गावातच काम मिळावे, हा त्यामागील हेतू. २०२० चा ओबेल पुरस्कार या इमारतीला मिळाला.

हे दोन वापर एकावर एक रचून दोन स्वतंत्र जिन्यांनी वेगळे ठेवणे सोपे होते. प्रत्यक्षात इमारतीला वळसा घालून वर जाणारा मोठा उतार योजला आहे. चाकाच्या खुर्चीतील व्यक्ती आणि कापडाचे गाठोडे घेऊन निघालेली स्त्री एकाच वाटेने वर जातात. उताराच्या खाली पुन्हा मातीच्या गुहा आहेत. ज्या ग्रामीण समाजात अपंगत्व घराच्या आड ठेवले जाते, तेथे उतार हा इमारतीचा सर्वांत ठळक भाग व्हावा, ही गोष्ट केवळ सोयीची राहत नाही. इमारतीच्या मागे जोडलेली उतरंड ‘तुमच्यासाठी वेगळी व्यवस्था केली आहे’ असे सांगते. येथील उतार सर्वांचा आहे. संमिश्र वापराचा सामाजिक आशय एवढ्या थेटपणे क्वचितच व्यक्त झाला असेल.

तौलनिक विचार आणि मर्यादा

तिन्ही ठिकाणी हवामान, निधी आणि हेतू भिन्न आहेत. तरीही एक समान सूत्र दिसते. साबरमतीचे उघडे चौरस, गांडोच्या वर्गांमधील सावली आणि आनंदालयाचा उतार या तिन्ही जागांचे नाव मागणीपत्रात नसते. ग्रंथालय, वर्ग, कार्यशाळा, कार्यालय यांची क्षेत्रफळे लिहून दिली जातात. मधली जागा वास्तुविशारदाने निर्माण करावयाची असते. तीच जागा निरनिराळ्या कामांना आणि माणसांना एकमेकांच्या दृष्टीच्या टप्प्यात आणते. या वास्तूंचे सामुदायिकत्व त्यांच्या खोल्यांपेक्षा या जागांमध्ये अधिक आहे.

या प्रशंसेला तीन मर्यादा घालणे आवश्यक आहे. पहिली कर्तृत्वाची. अशा वास्तूंच्या वर्णनात वास्तुविशारदाचे नाव येते. माती तुडवणारे, बांबू जोडणारे आणि सळया कापणारे ‘स्थानिक कारागीर’ या एका शब्दात मावतात. वास्तविक रुद्रपूर व गांडो येथील रचना त्यांच्या हातांच्या कौशल्यावाचून अशक्य होत्या. लोकसहभाग म्हणजे विनामोबदला श्रम, असा अर्थ होऊ लागला तर तो शब्द पोकळ ठरतो. बांधकामानंतर गावात कोणते कौशल्य उरले आणि त्यावर कोणाचा चरितार्थ चालला, हा सहभागाचा खरा निकष होय.

दुसरी मर्यादा निधीची. गांडो आणि रुद्रपूर येथील कामांना परदेशातून पैसा उपलब्ध झाला. भारतातील नवोदित वास्तुविशारदाची परिस्थिती वेगळी आहे. सार्वजनिक कामांच्या निविदांत पूर्वानुभवाच्या आणि आर्थिक उलाढालीच्या अटी सामान्यतः असतात, आणि पहिल्या कामावाचून अनुभव मिळत नाही. परिणामी समाजमंदिरासारखी लहान सार्वजनिक कामे ठरावीक नकाशावर उरकली जातात. चार भिंती, एक दार, वर स्लॅब आणि दाराला कुलूप. किल्ली ज्याच्याकडे, समाजमंदिर त्याचे, असे अनेक गावांत होऊन बसते. ज्या वास्तूला ओसरी नाही ती कुलूप लागताच पूर्णपणे बंद होते. ओसरी असलेली वास्तू बंद असतानाही अर्धी उघडी असते. विद्यार्थिदशेतील वास्तुविशारदांना अशी लहान कामे स्पर्धेच्या मार्गाने दिली गेली, तर निम्म्या खर्चाची जागा दुप्पट उपयोगाची होऊ शकेल.

तिसरी मर्यादा देखभालीची. मोकळी, कोणाच्याच नावावर नसलेली जागा सर्वप्रथम दुर्लक्षित होते किंवा बळकावली जाते. पणजी येथील कोरिया यांची कला अकादमी (१९७३–८३) ही साबरमतीच्या विचाराची परिपक्व अवस्था म्हणता येईल. रस्त्याकडून मांडवी नदीकडे जाणारी तिची सावलीची मोकळी वाट नाटक पाहावयाचे नसलेल्यालाही आत घेते. या वास्तूच्या नूतनीकरणाचे काम चालू असताना जुलै २०२३ मध्ये खुल्या रंगमंचावरील छप्पर कोसळले. वास्तू पुन्हा खुली झाली ती नोव्हेंबर २०२३ मध्ये. त्या निमित्ताने गोव्यात झालेली तीव्र चर्चा पाहता सामुदायिक वास्तू बांधून संपत नाही, तिची देखभाल हाही रचनेचाच भाग आहे, हे स्पष्ट होते.

महानगरातील पुनर्विकासाला हाच निकष लावून पाहता येईल. मुंबईत १९२० च्या दशकात बांधलेल्या बी. डी. डी. चाळींतील सुमारे १६० चौरस फुटांच्या खोल्यांतून वरळीच्या ५५६ कुटुंबांना ऑगस्ट २०२५ मध्ये ५०० चौरस फुटांच्या घरांच्या किल्ल्या मिळाल्या. स्वतःचे स्वच्छतागृह आणि पुरेशी जागा हा त्या कुटुंबांचा दीर्घकाळ नाकारला गेलेला हक्क होता; चाळीतील दाटी ‘आपुलकी’ म्हणून रंगवणे अन्यायाचे होईल. परंतु ज्या व्हरांड्यात मुले अभ्यासाला बसत, बायका धान्य निवडत आणि मंडळाच्या बैठका होत, त्याचे काम उंच इमारतीत कोणती जागा करणार, हा प्रश्न क्षेत्रफळाच्या कोष्टकात मांडता येत नाही. तो मांडणे हे वास्तुविशारदाचे काम आहे.

निष्कर्ष

उपरोक्त विवेचनावरून पुढील निष्कर्ष निघतात.

१. वापरांची संख्या वाढवल्याने वास्तू सामुदायिक होत नाही. वापरांना जोडणारी, निश्चित काम न नेमलेली जागा तिला सामुदायिक बनवते.

२. अशी जागा खर्चिक नसते. साधनांच्या टंचाईत काम करणाऱ्या नवोदित वास्तुविशारदांनी ती छप्पर, सावली आणि उतार यांतूनच मिळवली आहे.

३. लोकांच्या पसंतीविषयी आदर म्हणजे त्यांच्या शंकांना तांत्रिक उत्तर देणे होय. मातीविषयीची गांडोच्या गावकऱ्यांची शंका हे त्याचे उत्तम उदाहरण आहे.

४. वाढीची सोय आणि देखभालीची जबाबदारी या दोन्ही गोष्टी आराखड्याच्या टप्प्यावरच ठरल्या पाहिजेत.

५. सामुदायिक वास्तूचे मूल्यमापन उद्घाटनाच्या दिवशी करता येत नाही. प्रवेश कोणाला आहे आणि दहा-वीस वर्षांनी ती कोण वापरते, यावरच ते अवलंबून असावे.

वास्तुशास्त्राच्या अभ्यासक्रमात विद्यार्थ्याला प्रकल्पाबरोबर खोल्यांची व क्षेत्रफळांची यादी दिली जाते आणि त्या यादीच्या पूर्ततेवर गुण दिले जातात. यादीबाहेरची जागा त्याने का ठेवली आणि ती कोणासाठी ठेवली, हा प्रश्न मूल्यमापनात आला तर या तीन वास्तूंचा धडा वर्गापर्यंत पोहोचेल. चौक, सोपा, ओसरी आणि पार या शब्दांना मराठीत अजून अर्थ आहे. त्या जागांतून पूर्वी ज्यांना वगळले गेले त्यांनाही सामावून घेणारी ओसरी बांधणे, हे नव्या पिढीच्या वास्तुविशारदांपुढील काम आहे.